शनवारतेल्यांचे अलिबाग



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहासावर बोलण्यासाठी आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आम्हालाही वाटले. आमचे शाळेतले शिक्षण अपुरे. जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर, सभा आणि वाटाघाटी यांच्या मधल्या वेळात. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने आम्ही काही सांगणार नाही. पण करार वाचताना प्रत्येक कलम शेवटी कोणाच्या पोटावर येते हे पाहण्याची आम्हाला सवय लागली, आणि ती सवय इतिहास वाचतानाही सुटलेली नाही. त्या सवयीनेच आज एका लहान गावाची हकीकत आपल्यापुढे मांडावयाची आहे.

ते गाव अलिबाग. काही वर्षांपूर्वी थळच्या खत कारखान्याच्या बाजूला कामगार कार्यकर्त्यांचे एक शिबिर होते, त्यासाठी आम्ही तिकडे गेलो होतो. दुपारी काम आटोपले म्हणून अलिबागच्या बाजारातून सहज पायी हिंडत होतो. ब्राह्मण आळी, कोळीवाडा ही नावे कोणत्याही कोकणी गावात असावयाचीच. पण ‘इस्रायल आळी’ हे नाव कानी पडताच आम्ही थबकलो. शेजारच्या दुकानदाराला विचारले, “अहो, इथे इस्रायल कुठून आले?” तो हसून म्हणाला, “काका, ती शनवारतेल्यांची आळी. आता घरं मोजकीच राहिलीत. पुढं जा, मशीद दिसेल.” मशीद म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनामंदिर, हा उलगडा थोडे पुढे गेल्यावर झाला. ‘शनवारतेली’ या शब्दाने मात्र आमची एक जुनी टोचणी जागी केली. ती काय, हे शेवटी सांगू. आधी गाव पाहू.

मुंबईच्या दक्षिणेस, खाडी ओलांडली की रेवस-मांडव्याचा किनारा लागतो आणि तेथून थोड्याच अंतरावर अलिबाग आहे. गावासमोर समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. ओहोटीला त्याच्याकडे चालत जाता येते, भरतीला होडी लागते. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या किल्ल्याचे काम सुरू केले आणि ते संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. ज्यांचे नाव आज आपल्या शहराला आहे त्यांचाच हात त्या किल्ल्याला लागलेला आहे. पुढे हा किल्ला कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे झाला. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून त्यावर चाल केली, पण त्यांना माघार घ्यावी लागली. कान्होजी १७२९ मध्ये वारले. त्यांची समाधी अलिबागेतच आहे. किनाऱ्यावरचा हिराकोट हा भुईकोटही त्यांचाच. कुलाब्यात १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेले गणपतीचे देऊळ आहे, आणि चहूकडे खारे पाणी असून आत गोड्या पाण्याचे तळे आहे. १८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान दत्तक नामंजूर करून कंपनी सरकारने खालसा केले. १८६९ मध्ये कुलाबा जिल्हा झाला, अलिबाग त्याचे मुख्य ठिकाण झाले, आणि १९८१ पासून त्या जिल्ह्याला रायगड म्हणतात.

आणखी एक स्थळ सांगण्याजोगे आहे, ते म्हणजे तेथील चुंबकीय वेधशाळा. हे काम पूर्वी मुंबईच्या कुलाब्याला चाले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले तेव्हा त्या विजेने होकायंत्रासारखी नाजूक यंत्रे बिघडणार हे उघड झाले. म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागेस नेली आणि तिची इमारत लोखंड टाळून बांधली. नानाभाई मूस या पारशी शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली हे स्थलांतर झाले. गाव लहान, पण पृथ्वीच्या चुंबकत्वाची तेथील नोंद जगभर वापरली जाते.

गावाच्या नावाविषयी दोन कथा आहेत. जुने सरकारी गॅझेटियर म्हणते, अली नावाचा एक धनवान मुसलमान येथे होऊन गेला, त्याने विहिरी खणल्या, बागा लावल्या, म्हणून अलीची बाग. बेने इस्रायल मंडळी म्हणतात, तो अली, म्हणजे एली, आमच्यातला. नारळी-आंब्याच्या बागा त्याच्याच. या वादाचा निकाल लावण्याचा आम्हाला अधिकार नाही. मात्र गाव ज्याच्या नावाने ओळखले जाते तो माणूस बागा लावणारा होता, यावर दोन्ही पक्षांचे एकमत आहे, आणि तेवढे आम्हाला पुरते.

आता या बेने इस्रायलांकडे वळू. ‘बेने इस्रायल’ म्हणजे इस्रायलची लेकरे. त्यांची परंपरा अशी की, फार फार वर्षांपूर्वी आपल्या देशातील छळाला कंटाळून निघालेल्या त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ खडकावर आपटून फुटले. पुष्कळ बुडाले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांची प्रेते नवगावला पुरली आणि ती जागा आजही पवित्र मानतात. नागाव वेगळे, नवगाव वेगळे. थळ ओलांडून किहीमकडे जाताना नवगाव लागते. वाचलेल्यांची पोथ्यापुस्तके समुद्रात गेली. राहिले ते तोंडी पाठ असलेले ‘शमा इस्रायल’ हे एक वचन, मुलाची आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध, आणि शनवार.

ही घटना केव्हा घडली याविषयी मते अनेक आहेत. कोणी दोन हजार वर्षे म्हणतात, कोणी कितीतरी कमी. लेखी पुरावा पाहू गेल्यास, मद्रासकडील एका ख्रिस्ती मिशनऱ्याच्या १७३८ सालच्या पत्रात त्यांचा उल्लेख सापडतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक अभ्यासात त्यांच्या रक्तात पश्चिम आशियातील यहुदी अंश आणि येथील भारतीय अंश दोन्ही आढळले. म्हणजे आलेलेही खरे आणि मिसळलेलेही खरे. इतिहासात बहुतेक वेळा असेच असते.

त्यांचे गलबत याच किनाऱ्यावर का यावे, याचे उत्तर आपल्या भागात शोधता येते. चौल हे फार जुने बंदर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या प्रवासवर्णनात आपले पैठण आहे, तेर आहे, आणि कोकणातले चौलही आहे. सातवाहनांच्या काळी घाटमाथ्यावरचा माल नाणेघाटासारख्या वाटांनी कोकणात उतरे आणि समुद्रापारच्या वस्तू वर येत. पैठणच्या बाजारात बसलेला माणूस आणि चौलच्या धक्क्यावर उतरलेला परदेशी यांच्यामध्ये तेव्हाही फार मोठे अंतर नव्हते. आपल्या शहराचा पाया घालणारा मलिक अंबर तरी कोठला? हबसाणातला, गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली आणि शहराला पाणी आणले. परक्या मुलखातून आलेला माणूस गाव उभे करतो, याची साक्ष आपल्या नहरी देतात.

वाचलेल्या लोकांनी पोटासाठी तेलाचा घाणा धरला. आता घाणा म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. मोठे उखळ, त्यात फिरणारी लाट, लाटेला जुंपलेला बैल आणि त्याच्या डोळ्यांना झापड. तीळ, खोबरे टाकावयाचे; बैल दिवसभर त्याच वर्तुळात फिरतो; तेल खाली गळते आणि पेंड उरते. घाण्यामागे बसलेला माणूसही बैलाइतकाच बांधलेला. त्यात गावाला दिव्याचे तेल रोज लागे आणि स्वयंपाकालाही रोज लागे. अशा धंद्यात आठवड्यातून एक दिवस घाणा बंद ठेवणे म्हणजे सातव्या हिश्शाच्या मिळकतीवर पाणी सोडणे होय. या लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सोडले. शुक्रवारी सूर्य मावळला की बैल सुटे, आणि शनवारी सूर्य मावळेपर्यंत पुन्हा जुंपला जात नसे. गावाने त्यावरून त्यांचे नाव पाडले: शनवारतेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे दुसरे तेली होते, त्यांना सोमवारतेली म्हणत. गावकऱ्यांना यहुदी धर्म काय हे ठाऊक नव्हते, जेरुसलेम कोठे हे ठाऊक नव्हते. हा माणूस कोणत्या दिवशी काम करीत नाही, एवढे मात्र पक्के ठाऊक होते. तेल हवे तर ते शुक्रवारी दिवसाउजेडीच आणून ठेवावे, हे घरोघरी कळत असले पाहिजे.

कामगार चळवळीच्या माणसाला यात काय दिसावे ते सांगतो. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा भरवल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. आज आपण रविवारी जेवून निवांत पडतो ते त्या मंडळींच्या पुण्याईने. पण लोखंड्यांच्या कितीतरी आधी, कोकणातल्या खेड्यात, कोणताही कायदा नसताना, एका तेल्याने आपली सुट्टी राखली होती, आणि बैलालाही ती दिली होती. त्यांच्या धर्मशास्त्रात तसे स्पष्टच आहे की विसावा घरच्या धन्यालाच नव्हे, नोकराला, परक्याला आणि जनावरालाही मिळाला पाहिजे. जगातील साप्ताहिक सुट्टीची कल्पना मुळात त्या शास्त्रातून आली.

हे लोक मराठी झाले, म्हणजे किती झाले ते पाहा. आडनावे गावांवरून: किहीमचे किहीमकर, चेऊलचे चेऊलकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर, राजपुरीचे राजपूरकर. शमुवेलचा समाजी झाला, यहेज्केलचा हसाजी झाला. सणांची नावे ऐकण्यासारखी आहेत. त्यांच्या वर्षारंभाला ते ‘नव्याचा सण’ म्हणत. प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, ज्या दिवशी दार लावून घरात बसावयाचे, तो ‘दारफाळणीचा सण’. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या दुःखाचा दिवस ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवसाच्या उपासाशी वालाच्या बिरड्याचे जेवण जोडले गेले होते. हजारो मैलांवरच्या मंदिराचे दुःख, आणि ते स्मरावयाचे कोकणी वालाच्या बिरड्याने! एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने ते ‘मलिदा’ करतात, म्हणजे गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचा प्रसाद. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्या प्रेषिताच्या रथाची खूण आहे असे मानतात आणि नवस फेडण्यास तेथे जातात.

कोचीनकडून आलेल्या दावीद राहाबी नावाच्या गृहस्थाने त्यांना पुन्हा धर्म शिकविला, अशी त्यांची आठवण आहे. राहाबीने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवून रांधावयास सांगितले म्हणतात. त्यांनी पंख व खवले असलेले मासे तेवढे निवडून घेतले, बाकीचे बाजूला सारले. यहुदी शास्त्रात हाच नियम आहे. पोथी बुडाली होती, पण बायकांच्या हातात शास्त्र शिल्लक होते. पुढे अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांतून यांची मुले शिकली, काही तेथे शिक्षकही झाले, आणि मिशनऱ्यांकडून बायबल शिकूनही बहुतेक यहुदीच राहिले. १८४६ मध्ये वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाचा ‘हगादा’ हा ग्रंथ मराठी भाषांतरासह मुंबईत छापला गेला आणि १८७४ मध्ये पुण्यात पुन्हा निघाला. १८८० च्या सुमारास त्यांच्यात मराठी कीर्तने सुरू झाली. अब्राहामाचे आख्यान टाळ-मृदंगावर रंगू लागले. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांचे मराठी केले. हाईम शमुवेल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत या समाजासाठी शाळा काढली आणि १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

इस्रायल आळीतील प्रार्थनामंदिराचे नाव ‘मागेन आबोथ’, म्हणजे पूर्वजांची ढाल. ते १८४८ चे. आजची इमारत १९१० ची. त्याआधी १८४२ मध्ये रेवदंड्याचे आणि नंतर १८४९ मध्ये पनवेलचे, १८६३ मध्ये पेणचे अशी मंदिरे उभी राहिली. आत मूर्ती नाही, चित्र नाही. जेरुसलेमच्या दिशेच्या, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीत कपाट, त्यात चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या. मधोमध प्रार्थना म्हणणाऱ्यासाठी कठडा. कोकणातल्या लोकांना असे बिनमूर्तीचे देवघर एकच माहीत होते, म्हणून ते त्यालाही मशीदच म्हणू लागले, आणि यहुदी मंडळींनीही तो शब्द राग न मानता घेतला. मुंबईतले त्यांचे सर्वांत जुने मंदिर १७९६ मध्ये समाजी हसाजी दिवेकर या पलटणीतल्या अंमलदाराने बांधले. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर त्याने ते बांधले, असे सांगतात. मुंबईच्या मशीद बंदर स्थानकाचे नाव त्याच ‘जुन्या मशिदी’वरून पडले, असे पुष्कळ मानतात.

मग ही आळी रिकामी कशी झाली? पहिले कारण आमच्या विषयातले आहे. घाणा मोडला. रॉकेल आले, दिव्याचे तेल बाद झाले. गिरणीचे तेल आले, बैलाचा घाणा परवडेना. त्याच सुमारास कंपनीच्या पलटणीत, मग रेल्वेत, बंदरावर, सरकारी कचेऱ्यांत व इस्पितळांत नोकऱ्या निघाल्या. एकोणिसाव्या शतकातच निम्मी आळी मुंबईला गेली असावी, असे किहीमकर-दिवेकरांच्या नावांवरून दिसते. या लोकांनी तेथे नाव काढले. डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले, डॉ. ई. मोझेस रस्ता त्यांचाच. डॉ. जेरुशा झिराड यांनी बाळंतिणींसाठी आयुष्य वेचले, त्यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली; त्यांचे आडनाव अलिबाग तालुक्यातल्या झिराड गावाचे. ‘बूट पॉलिश’ चित्रपटातला प्रेमळ जॉनचाचा आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तो नट डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

दुसरे कारण १९४८ साली घडले. इस्रायलचे राज्य झाले आणि ज्या भूमीकडे तोंड करून पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केली तिचे दार उघडले. १९५१ च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांवर यहुदी होते, १९६१ मध्ये साडेअठरा हजार, आणि २०११ मध्ये साडेचार हजारांच्या थोडे वर. हे आकडे सर्व यहुद्यांचे आहेत, पण त्यात बेने इस्रायल हेच सर्वांत अधिक. त्यांना येथून कोणी हाकलले नाही. तेथे मात्र सगळे सुखाचे गेले नाही. १९५१ मध्ये बेअरशेबाकडे ठेवलेल्या काही बेने इस्रायल मंडळींनी, कामात आणि वागणुकीत आपल्याला डावे ठरवतात म्हणून तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि १९५२ मध्ये एक तुकडी परत भारतात आली. पुढे तेथील मुख्य धर्माधिकाऱ्यांनी, यांच्याशी विवाह करण्यापूर्वी यांची वंशावळ तपासावी, असे फर्मान काढले. बेने इस्रायलांनी पुन्हा धरणे धरले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील लोकसभेने ठराव केला की हे सर्वार्थाने यहुदी आहेत. इतकी शतके शनवार पाळल्यावर दाखला मागितला गेला, आणि तो संघटनेच्या बळावर मिळवावा लागला! आज तेथे त्यांची वस्ती मोठी आहे, आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथे चालवले.

आता थोडे दूर जाऊ. जर्मनीत लाउपहाइम नावाचे असेच एक लहान गाव आहे. तेथेही यहुद्यांची आळी होती. एकोणिसाव्या शतकात वुर्टेम्बर्ग प्रांतातील त्यांच्या मोठ्या वस्त्यांपैकी ती एक. हॉलिवुडमधल्या युनिव्हर्सल कंपनीचा संस्थापक कार्ल लेम्ले याचा १८६७ मधला जन्म त्या गावचा. तेथील यहुदीही गावची भाषा बोलत, गावच्या बाजारात बसत. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री देशभर यहुद्यांची मंदिरे जाळली गेली, त्यात लाउपहाइमचेही जळले. उरलेल्यांना १९४२ पर्यंत गाडीत घालून मृत्यूच्या छावण्यांकडे नेले. आज त्या गावच्या गढीत ख्रिस्ती आणि यहुदी यांच्या एकत्र इतिहासाचे संग्रहालय आहे. शेजारी गेल्यावर संग्रहालय होते.

हे ऐकून आपण स्वतःची पाठ थोपटून घ्यावी, असा मोह होतो. “आमच्याकडे असे कधी झाले नाही,” हे वाक्य आम्ही पुष्कळ भाषणांत ऐकले आहे, आणि बेने इस्रायल मंडळी स्वतःही तसे कृतज्ञतेने सांगतात. ते खरे आहे. २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाऊसमधील यहुद्यांवर हल्ला झाला, तो समुद्रापलीकडून आलेल्या अतिरेक्यांनी केला; शेजाऱ्यांनी नव्हे. पण कामगार संघटनेचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. गावाने त्यांना जगू दिले ते तेल्याच्या पायरीवर, आणि ती पायरी गावगाड्यात खालचीच. जातीची लागण त्यांनाही झाली. गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद त्यांच्यात निघाला, रोटीबेटी बंद झाली. न जाळणे ही माणुसकीची सुरुवात झाली. तेवढ्याने पुरा हिशेब चुकता होत नाही. त्यापलीकडे शेजाऱ्यासाठी आपण काय सोसतो, हे पाहावे लागते. अलिबागच्या गावाने सोसले ते एवढेच, की शनवारी तेल मिळाले नाही तरी चालेल. आम्हाला ही गोष्ट लहान वाटत नाही, आणि त्याचे कारण आमची ती टोचणी आहे.

पुष्कळ वर्षे झाली. आपल्याच औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात आमची युनियन होती. विजेच्या टंचाईमुळे साप्ताहिक सुट्टीचा वार बदलण्याचा प्रश्न निघाला. पगारवाढीच्या करारातच ते कलम घातले गेले. खात्यातला एक फिटर आमच्याकडे आला. ख्रिस्ती, पण शनवार पाळणाऱ्या पंथाचा. शांतपणे म्हणाला, “साहेब, शनवार तेवढा सोडवा. रविवारी, रात्रपाळीला, सणाला, केव्हाही येईन.” आम्ही म्हणालो, “दादा, चारशे माणसांच्या पगाराचा प्रश्न आहे, एकट्याच्या वाराचा कुठे धरून बसता?” करारावर सही झाली, गुलाल उधळला गेला. दोन महिन्यांत तो नोकरी सोडून गेला. व्यवस्थापनाकडे आम्ही त्याच्यासाठी एक शब्दही टाकला नव्हता. टाकला असता तर पाळ्यांची अदलाबदल करून ते सहज जमले असते, हे आम्हाला तेव्हाही कळत होते. चारशे जणांत एकही माणूस, “मी त्याचा शनवार करीन,” म्हणावयास पुढे आला असता की नाही, हे आम्ही विचारलेच नाही. विचारले असते तर पुष्कळ आले असते, असे आता वाटते.

म्हणून इस्रायल आळीत उभे असताना आम्ही मनात त्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या. एकीकडे अडाणी म्हणवली जाणारी खेडी. त्यांनी तेल्याचा धर्म न समजताही त्याचा वार सांभाळला. दुसरीकडे आम्ही, लोखंड्यांच्या तसबिरीला दरवर्षी हार घालणारे. आम्हाला एका माणसाचा वार सांभाळता आला नाही. बहुमताने सगळे ठरते, पण कोणाचा विसावा हिरावून घ्यावयाचा हे बहुमताने ठरवू नये, एवढा धडा आम्ही त्या आळीतून घेतला. त्यानंतरच्या प्रत्येक करारात, वार बदलण्यापूर्वी कोणाला अडचण आहे काय, हे खात्याखात्यांत जाऊन विचारण्याचा आम्ही परिपाठ ठेवला आहे. काम वाढते, पण करतो.

२०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. चांगले झाले, मात्र तेव्हा माणसे थोडीच उरली होती. मागेन आबोथची इमारत उभी आहे, आळीची पाटी शाबूत आहे, आणि बाहेरगावी गेलेली कुटुंबे मलिद्याचा नवस फेडावयास अजूनही कोकणात येतात. आपल्यापैकी कोणी अलिबागेस गेले तर किल्ला जरूर पाहा, कान्होजींच्या समाधीपुढे हात जोडा, आणि मग बाजारातून इस्रायल आळीकडे वळा. शनवारी गेलात तर दुरूनच पाहा. त्या दिवशी तेथे विसावा असतो.

आपल्या शहरातही अशा गल्ल्या आहेत. कोणत्या गल्लीत कोण होते, ते कोणता धंदा करीत, कोणत्या दिवशी हात थांबवीत, आणि ते का गेले, हे जाणते लोक आहेत तोवर विचारून घ्यावे, आणि जे अजून शेजारी आहेत त्यांना तर आजच विचारावे.